एकाच वेतातली

प्राणीघरात तिला सगळे आक्का म्हणत, संस्थेच्या संचालकांपासून कचऱ्याची ढकलगाडी नेणाऱ्यापर्यंत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच सुखानं पडून होतं. वय चोपन्न, बांधा थोराड, गुडघे कुरकुरणारे, आणि तोंड असं फटकळ की नवे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात तिच्यासमोरून जाताना भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. "हातमोजे न घालता माझ्या लेकरांना हात लावलास तर याद राख," हे तिचं स्वागताचं वाक्य. लेकरं म्हणजे उंदीर. पांढरे, लाल डोळ्यांचे, कोणत्याही दिवशी चारशेच्या आगेमागे.

काम सरळ होतं आणि न संपणारं होतं. दोन दारं ओलांडायची, मधल्या खोलीत अंगावर निळा झगा चढवायचा, केस टोपीत कोंबायचे, बुटांवर पिशव्या घालायच्या. आतल्या खोल्यांत दिवस उलटा होता. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून बाहेर सकाळ झाली की आतले दिवे मालवायचे आणि मंद लाल उजेडात कामाला लागायचं. पिंजरे बदलायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, प्रत्येकाचं वजन घ्यायचं, शेपटीवर पेनानं ओढलेल्या खुणेच्या रेघा पुसट झाल्या असतील तर पुन्हा ओढायच्या. नवा भुसा घालताना जुन्या भुशातली एक मूठ आक्का आठवणीनं त्यात मिसळायची. सगळाच भुसा नवा घातला की उंदीर बिथरतो, आपल्याला कुणीतरी घराबाहेर काढलं असं त्याला वाटतं. हे कुठल्या पुस्तकात असेल नसेल, आक्काला ते हातानं कळलं होतं.

हातानं तिला आणखीही एक गोष्ट कळायची, आणि ती कळत नसती तर बरं झालं असतं.

त्या प्राणीघरात कोकेनवर संशोधन चालायचं. उंदराच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवायची, त्याला एका खोक्यात सोडायचं. खोक्यात एक दांडी असे. ती दाबली की खट् असा आवाज व्हायचा आणि नळीतून कोकेनचा थेंब रक्तात जायचा. दांडी दाबायला बहुतेक सगळे शिकत. पुढं मात्र वाटा फुटत. काही जण थोडा वेळ दाबत आणि मग कोपऱ्यात जाऊन अंग चाटत बसत. काही जण दाबतच राहत. खाणं सोडत, पाणी सोडत. नळी बंद करून नुसती दांडी ठेवली तरी दाबत. दांडीबरोबर पायाला चटका बसू लागला तरी दाबत. शेजारच्या खोलीतला संगणक ते सगळं मोजायचा, आणि आक्का भुसा झाडताना ऐकायची. खट्. खट्. खट्.

कोण दाबत राहणार, ते तिला आधीच कळायचं. सकाळी वजनाला उचलल्यावर तळहाताखाली त्याचं काळीज किती वेळ धडधडतं, नव्या टेबलावर ठेवल्यावर तो कडेला चिकटून बसतो की थेट मध्यात धावतो, तोंडापुढं धरलेल्या गोळीसाठी क्षणभर थांबतो की झडप घालतो, यावरून. "हा जाणार," ती मनाशी म्हणायची. आणि तो जायचा. विद्यार्थी गमतीनं तिला आकडे लावायला सांगत. ती त्यांना हाकलून द्यायची.

एकदा, नोकरीला दुसरंच वर्ष असताना, तिनं डॉक्टरबाईंना गाठलं. डॉक्टरबाई म्हणजे तिथल्या मुख्य संशोधक. उंच, विसरभोळ्या, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या.

"बाई, एक विचारू? एकाच वेतातली पिल्लं. एक आई, एक दूध, एक भुसा. एक चार वेळा दाबून गप्प बसतो आणि दुसरा जीव जाईपर्यंत दाबतो. असं का?"

डॉक्टरबाई खूश झाल्या. इतका सरळ प्रश्न विद्यार्थ्यांकडून कधी येत नसे. त्यांनी एका कागदाच्या पाठीवर गोल काढले.

"हे बघा, आक्का. डोक्यात एक रसायन असतं, डोपामीन. 'हे चांगलं आहे, पुन्हा कर' असं शिकवणारं. पेशी ते सोडतात आणि काम झालं की परत शोषून घेतात. कोकेन ते परत शोषू देत नाही. मग ते साचतं, तुंबतं. आता हे रसायन पकडायला समोरच्या पेशीवर खोबणी असतात. कुणाच्या डोक्यात त्या भरपूर, कुणाच्या डोक्यात मुळातच कमी. ज्याच्याकडे भरपूर, त्याला हा लोंढा नकोसा होतो. घाबरा होतो तो. आणि ज्याच्याकडे कमी…"

"त्याला?"

"त्याला आयुष्यात पहिल्यांदा पुरेसं वाटतं. छातीठोक नाही सांगत मी, डोकं म्हणजे काही एका खोबणीचा कारभार नाही. पण खुणा त्या दिशेनं जातात. आणि पुढची वाईट गोष्ट अशी, की घेत राहिलं की आहेत त्या खोबणीही कमी होत जातात."

"म्हणजे चूक कुणाचीच नाही."

"उंदराची कसली चूक?" डॉक्टरबाई हसल्या.

आक्का हसली नाही. ती मधल्या खोलीत गेली आणि टोपी काढून आरशात बघत राहिली. त्या आरशात तिचा भाऊ होता.

तो तिचा जुळा भाऊ. ती वीस मिनिटं आधी जन्मली, तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर त्याच्याकडून ताई म्हणवून घेतलं. "वीस मिनिटांची ताई," तो चिडवायचा, "तेवढ्यात काय दिवे लावलेस गं जगात?" काचा कापायचं काम करायचा. खिडक्यांच्या, दुकानांच्या, आरशांच्या. हात असा की काचेवर रेघ ओढून बोटानं टिचकी मारली की काच त्याचं ऐकून दुभंगायची. पण स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नव्हतं. जेवताना उठायचा, बोलताना उठायचा, झोपेतसुद्धा कूस बदलून चादरीचा चोळामोळा करायचा. आई म्हणायची, पोटात असतानासुद्धा सगळ्या लाथा यानंच मारल्या.

दोघं सत्तावीस वर्षांची होती तेव्हा ती एका मोठ्या हॉटेलात खोल्या साफ करायची. एका रिकाम्या खोलीच्या खणात तिला कागदाची एक घडी सापडली. आत पांढरी पूड. काय आहे ते तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईनं डोळे मिचकावत सांगितलं. आक्कानं ती घडी झग्याच्या खिशात टाकली. कशासाठी? काही कारण नाही. तरुण होती, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि श्रीमंत लोक एवढं काय करतात ते बघायचं होतं.

सुट्टीच्या दुपारी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, दोघांनी मिळून ती पूड ओढली. आधी तिनं. हिरड्या बधिर झाल्या, छातीत धाडधाड सुरू झालं, दातावर दात घट्ट बसले. हे कधी संपतंय असं तिला झालं. ती उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मग त्यानं ओढली. तो खिडकीशी जाऊन बसला. आणि बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तो उठला नाही. त्याचे हात मांडीवर शांत पडले होते. तिनं त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं.

"काय रे? काय होतंय?"

"ताई," तो म्हणाला, "सगळं जागच्या जागी आहे गं."

घडीत थोडी पूड उरली होती. ती तिनं त्याच्याकडे सरकवली. "घे तूच. मला नको. काही विशेष नाही त्यात."

हे ते वाक्य. पुढच्या सत्तावीस वर्षांत असा एक दिवस गेला नाही की ते तिच्या कानात वाजलं नाही. काही विशेष नाही त्यात. तिच्या डोक्यात नव्हतंच काही विशेष. त्याच्या डोक्यात काय आहे, ते ती कुठून जाणणार होती? एका पोटात नऊ महिने राहिली म्हणून तिला वाटलं, आपलं डोकं तेच त्याचं.

मग नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. ज्यांच्या घरी असं झालं आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना सांगून कळत नाही. लग्न झालं, मुलगी झाली, बायको कंटाळून निघून गेली आणि दुसरा संसार थाटला. मुलगी इथंच राहिली. त्याचे हात कापू लागले, काचा त्याचं ऐकेनाशा झाल्या. सुटायची त्यानं शर्थ केली, एकदा नाही, पाच वेळा. प्रत्येक वेळी खरं बोलला आणि प्रत्येक वेळी खोटा ठरला. शेवटी घरच्यांनी तेच केलं जे हतबल झालेली घरं करतात. मागच्या खोलीत त्याला कोंडलं. दाराला बाहेरून कडी. ताट आत सरकवायचं, रिकामं बाहेर ओढायचं. शहाण्या नातेवाइकांनी बजावलं होतं, त्याच्याशी बोलू नका, तो तुम्हाला विरघळवील.

तो आरडाओरडा करेल अशी तिनं मनाची तयारी केली होती. तो ओरडलाच नाही. एका बोटानं दारावर हलकेच टकटक करायचा. "ताई, आहेस का?" दार उघड असं नाही म्हणायचा. तेवढंच विचारायचा. ती दाराच्या अलीकडे पाठ टेकून बसलेली असायची, तोंडात पदर कोंबून. एकवीस दिवस तिनं उत्तर दिलं नाही.

बाविसाव्या दिवशी तो बाहेर आला, खंगलेला आणि निवळलेला. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. चौथ्या दिवशी कामावर गेला. दुपारी एका अर्ध्या बसवलेल्या खिडकीखाली सापडला. हृदय बंद पडलं होतं. वय छत्तीस.

आक्कानं हॉटेल सोडलं. काही महिन्यांनी प्राणीघरात माणूस हवा असल्याचं कळलं म्हणून गेली. तिथं काय संशोधन चालतं हे तिला तिसऱ्या आठवड्यात समजलं. कुणीतरी हात धरून आणल्यासारखी ती तिथं पोचली होती. सोडून जावं असं त्या दिवशी वाटलं. पण त्या खोक्यांतून खट्‌ खट्‌ ऐकू आलं आणि ती थांबली. आपल्या भावाचं काय झालं हे जगात कुठं कळणार असेल तर इथंच, असं तिच्या मनानं घेतलं. प्राणीघरात भावाबद्दल ती कुणाशी बोलली नाही. अठरा वर्षं.

तो मात्र तिच्याबरोबर म्हातारा होत गेला. छत्तीसला तो थांबला आणि ती पुढं निघाली. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालची थैली, सुटत चाललेली हनुवटी, जे त्याला कधी आलंच नाही ते सगळं तिच्या चेहऱ्यावर यायला लागलं. मधल्या खोलीतल्या आरशात टोपीत केस कोंबले की उरायचा तो निव्वळ त्याचा चेहरा, चोपन्न वर्षांचा. ती नजर खाली घालून आत जायची.

आणि घरी होती भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. बाप गेला तेव्हा चार वर्षांची. हे नाव बापानंच पाडलेलं, आणि तिनं ते सार्थ केलं. बाबांचं हृदय नाजूक होतं, एवढंच तिला सांगितलेलं. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ती सहा वर्षांची असताना आत्याबरोबर पहिल्यांदा प्राणीघराच्या कार्यालयात आली. दार उघडल्याबरोबर ती एवढीशी पोर थेट खोलीच्या मध्यात धावली, कोपरा न कोपरा हुंगून आली, टेबलाखाली शिरली, कपाट उघडलं. सगळे कौतुकानं हसले. आक्का मात्र तिची धाव मोजत होती. नव्या खोक्यात सोडलेला, हमखास जाणारा उंदीर असाच वागतो.

त्या संध्याकाळी तिनं पिंजऱ्यावर लावायचं एक कोरं कार्ड पर्समध्ये घालून घरी आणलं.

आता हे सांगताना आक्काची बाजू घ्यावी की तिला दोन शब्द सुनवावेत, असा प्रश्न पडतो. तिनं भिंगरीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. "एक चॉकलेट आत्ता, की भांडी होईपर्यंत थांबलीस तर तीन?" उंदरांची थांबायची ताकद अशीच तपासतात. भिंगरी बिचारी "आत्ता!" म्हणून टाळ्या पिटायची. आत्या कार्डावर तारीख घालायची आणि पुढं एक फुली मारायची. अनोळखी कुत्र्याला हात लावला, फुली. उंच भिंतीवरून उडी मारली, फुली. कार्डं भरत गेली. आणि जसजशा फुल्या वाढल्या तसतसं दार घट्ट होत गेलं. सहल नाही. मैत्रिणीकडे राहायला जाणं नाही. मैत्रिणी घरी येणं नाही, कारण कोण काय घेऊन येईल सांगता येत नाही. शाळा आणि घर, घर आणि शाळा. मुलगी मागच्या खोलीत एकटी खेळायची, भिंतीशी बोलायची. आक्का स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. डोळ्यांत तेल घालून तिनं पोर जपली, असंच कुणीही म्हटलं असतं. ती स्वतःही तेच म्हणायची.

भिंगरी बावीस वर्षांची झाली. मोठमोठ्या कार्यक्रमांना दिवे लावणाऱ्या एका कंपनीत लागली. शिडीवर चढायचं, वायरी ओढायच्या, तीस फुटांवरून लटकत दिवे वळवायचे. त्या कामाला तिच्याइतकं लायक माणूस शोधून सापडलं नसतं. आणि आता कंपनी तिला दुसऱ्या शहरात सहा महिन्यांसाठी पाठवणार होती. कामावरच्या तिघींबरोबर एका खोलीत राहायचं होतं.

"नाही," आक्का म्हणाली.

"आत्या, मी विचारत नाहीये. सांगतेय."

"आणि मीही सांगतेय. नाही."

आठवडाभर घरात दोघी एकमेकींना ओलांडून चालत होत्या. आक्काला एकच भीती होती, आणि ती भीती तिला कुणाला बोलून दाखवता येत नव्हती. ही मुलगी त्याच्या वाटेनं जाणार. हातानं कळलं होतं तिला.

त्याच आठवड्यात प्राणीघरात डॉक्टरबाईंच्या नव्या प्रयोगाचे निकाल हाती आले. प्रयोग आक्काच्याच हातचा होता. दूध सुटल्यावर प्रत्येक वेतातली निम्मी पिल्लं एकेकट्या पिंजऱ्यात ठेवायची, निम्मी चारचारच्या मोठ्या घरात. नळ्या बसवल्यावर एकमेकांनी त्या कुरतडू नयेत म्हणून घरात मधे जाळ्या घातल्या, तर ती चारही जाळीला पाठ लावून, एकमेकांच्या उबेला झोपायची. बाकी सगळं सारखं. सुरुवातीला डॉक्टरबाईंनी चेष्टेत आक्काला यादी दिली होती. "लावा तुमचा हात, आणि जाणार त्यांच्या पुढं खूण करा. पाकीट बंद करून ठेवू." आक्कानं बारा खुणा केल्या एकट्यांत, बारा सोबतीतल्यांत.

आता डॉक्टरबाई पाकीट फोडून नाचायच्या बाकी होत्या.

"आक्का, तुमचा हात चुकला! आहे का माहीत? एकट्यांत तुम्ही खूण केलेल्या बारांपैकी अकरा गेले. अगदी बरोबर. पण सोबतीत वाढलेल्यांत बारांपैकी चारच गेले. आठ जणांनी दांडी सोडून दिली, आक्का! तशाच डोक्याची पिल्लं, त्याच आयांची."

"आणि ज्यांच्यावर मी खूण केली नव्हती ते?"

डॉक्टरबाईंनी कागद उलटला. "सोबतीतला एकही नाही. एकट्यांतले… पाच गेले. त्यांचं काही लक्षण नव्हतं. एकटेपणानंच डोक्यातला हिशेब बिघडला असणार. खोबणी जन्मतः कमी असतात तशा अशाही कमी होतात, असं दिसतंय. अर्थात हे उंदीर आहेत, माणसं नाहीत. आणि चार गेलेच की. सोबत म्हणजे काही कवच नाही." त्यांनी मान वर केली. "आक्का? बरं नाही का वाटत?"

आक्का मधल्या खोलीत जाऊन बाकावर बसली. एकवीस दिवस कडी लावलेलं ते दार तिच्या डोळ्यांसमोर आलं. जो एकटा पडला की जास्त खोल बुडतो, त्याला तिनं एकटं ठेवलं होतं. आणि मग त्याच्या पोरीला तिनं एकवीस दिवस नाही, अठरा वर्षं त्याच खोलीत वाढवलं. लक्षण बघायचं म्हणून बघत राहिली आणि बघता बघता स्वतःच रोग लावला की काय कोण जाणे.

आतून, लाल अंधारातून, कुठलासा उंदीर पिंजऱ्याच्या झाकणाला नखं लावत होता. टक, टक. एका बोटानं दार वाजवावं तसं.

"आहे," आक्का मोठ्यानं म्हणाली. "आहे रे, इथंच बसलेय."

आवाज थांबला नाही. उंदीरच होता तो. तिनं आरशाकडे पाहिलं, आणि या वेळी नजर खाली घातली नाही. तो तिच्याकडे बघत रडत होता.

त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. भिंगरी पिशवीत कपडे भरत होती. आक्का दारातच उभी राहिली, आणि बोलायला लागली. हॉटेलची खोली, कागदाची घडी, स्वयंपाकघरातलं टेबल, घे तूच, नऊ वर्षं, कडी, एकवीस दिवस. काही गाळलं नाही. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून डबा काढला आणि कार्डांची चळत पलंगावर ठेवली.

भिंगरी एकेक कार्ड बघत होती. आधी तिला हसू आलं. "म्हणून तू मला चॉकलेटसाठी ताटकळत ठेवायचीस? अगं, मला वाटायचं तू कंजूष आहेस!" मग हसू ओसरलं. कार्डं बरीच होती. "उंदरासारखी बघत होतीस मला," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं."

"हो."

"आणि बाबांचं हृदय…"

"ते खरंच बंद पडलं. का पडलं ते सांगितलं नव्हतं."

भिंगरीनं कार्डं नीट जुळवून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आत्या, मी घेतलंय ते."

आक्कानं दाराची चौकट धरली.

"चार महिन्यांपूर्वी. कार्यक्रमानंतर कुणीतरी दिलं. तीनदा घेतलं."

"कसं वाटलं?" हा प्रश्न आक्कानं विचारला, आणि उत्तर ऐकायची हिंमत तिच्यात नव्हती.

"कसं सांगू? लहानपणापासून माझ्या डोक्यात काहीतरी खडखडत असतं. सारखं. ते बंद झालं. मला वाटलं, बाकीचे लोक असेच जगतात का? एवढ्या शांततेत? इतकं आवडलं की मी घाबरले. तिसऱ्या वेळी घरी आले ती तुला सांगायचं ठरवूनच. तू दार उघडलंस. आठवतं काय केलंस? 'ये' म्हणायच्या आधी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखं बघितलंस, तोंडाचा वास घेतलास, आणि पर्स हातातून काढून घेतलीस. मग मी नाही सांगितलं."

"मग कुणाला सांगितलंस?"

"त्या तिघींतल्या एकीला. तिचा भाऊ असाच आहे. तेव्हापासून ती मला एकटी सोडत नाही. कार्यक्रम संपला की हात धरून ओढत नेते. म्हणून तर मला त्यांच्याबरोबर जायचंय, आत्या. पळून नाही जात मी."

आक्काच्या तोंडाशी शंभर प्रश्न आले. कुणी दिलं, कुठं, किती, नाव काय त्याचं. अठरा वर्षांची सवय होती. ते सगळे तिनं कडू औषधासारखे गिळले आणि पलंगावर बसून पिशवीत कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"मला फोन करशील?" शेवटी ती म्हणाली. "घ्यावंसं वाटलं तर. घेतलंस तर. मी काही विचारणार नाही."

"तू? विचारल्याशिवाय राहशील?"

"नाही राहवणार. तरी कर."

भिंगरी गेली. प्राणीघरात फोन आत न्यायला बंदी होती, आवाजानं उंदीर बिथरतात म्हणून. तो नियम स्वतः आक्कानंच लावून घेतला होता, आणि विद्यार्थ्यांचे फोन जप्त करण्यात तिचा हातखंडा होता. आता तिच्या झग्याच्या खिशात फोन असायचा. डॉक्टरबाईंच्या ध्यानात आलं असावं. त्या दिसला न दिसला करून पुढं जात.

पाच आठवडे नुसते साधे फोन आले. जेवलीस का, पाय दुखतो का, इथं पाऊस फार पडतो. मग एका सकाळी अकराच्या सुमारास खिशात फोन थरथरला. आक्काच्या हातात एक उंदीर होता. तो तिनं अलगद पिंजऱ्यात सोडला आणि हातमोजा दातानं ओढून काढला.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग भिंगरी म्हणाली, "घेतलं मी. आत्ताच."

आक्का भुशाच्या पोत्यांना टेकली.

"तुलाच पहिला फोन केलाय," भिंगरी रडत होती. "अजून कुणालाच सांगितलं नाही. तिघी खाली आहेत."

"खाली जा. त्यांच्यामध्ये जाऊन बस. फोन चालू ठेव." आक्का झग्याची बटणं सोडायला लागली होती. तिनं मानेनंच विद्यार्थ्याला खुणावलं, बाटल्या तू भर. "गाडी किती वाजता असते तिकडं यायला?"

"आत्या, तू येतेस? पण ओरडू नकोस ना."

"ओरडणार," आक्का म्हणाली. "पण तिथं येऊन ओरडणार. जिन्यावरून नीट उतर."